सुरू झाल्याची तारीख

अर्जातले बाकी सगळे रकाने भरून झाले होते. नाव, पत्ता, कामाचं स्वरूप, दोघींच्या ओळखीचे पुरावे, सह्या. एक रकाना तेवढा कोरा होता: ‘व्यवसाय सुरू झाल्याची तारीख’. त्या एका ओळीपाशी मी आणि माझी मैत्रीण अख्खी संध्याकाळ अडून बसलो.

ती म्हणाली, पहिलं काम मिळालं तो दिवस लिहू. मी म्हटलं, तेव्हा आपण दोघी वेगवेगळ्या नोकऱ्यांत होतो आणि ते काम आपण ओळखीखातर केलं होतं; पहिले पैसे हातात आले तो दिवस लिहू. मग तिला आठवलं की पैसे यायच्या कितीतरी आधी आपण त्याला ‘आपलं काम’ म्हणायला लागलो होतो. काम भाषांतराचं आणि संपादनाचं. एक प्रकरण ती उतरवायची आणि मी तपासायचे, पुढचं मी उतरवायचे आणि ती तपासायची. सुरुवात अशी कुणी केलीच नव्हती. उजाडलं नेमकं कधी हे जसं सांगता येत नाही, तसं ते झालं होतं.

दुसऱ्या दिवशी रकाना तसाच कोरा ठेवून आम्ही नोंदणी कार्यालयात गेलो. खिडकीमागे एक वयस्कर कारकून होते. त्यांनी कागद चाळले, कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि आमच्याकडे पाहिलं. आम्ही दोघींनी एकदमच आपापली बाजू सांगायला सुरुवात केली. मागे रांग होती, तरी त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “ताई, ज्या दिवसापासून या कामाचं बरंवाईट तुमच्या अंगावर घ्यायला तयार आहात, ती तारीख लिहा.”

आम्ही त्याच दिवसाची तारीख लिहिली.

व्यवसायाच्या नोंदणीबद्दल मी नंतर बरंच वाचलं, बऱ्याच जणांचे अर्ज भरायला मदत केली, पण त्या एका वाक्यापलीकडे मला फारसं जाता आलेलं नाही. नोंदणी म्हणजे परवानगी मागणं, असंच मला तोवर वाटत होतं. सरकारच्या दारात उभं राहायचं, आपण वाईट माणसं नाही हे कागदांनी सिद्ध करायचं आणि शिक्का घेऊन परतायचं. त्या माणसाने ते उलटं करून दाखवलं. द्यायचं होतं ते आम्हीच द्यायचं होतं, आणि सरकारपेक्षाही जास्त, पुढे कधीतरी आमच्याकडे येणाऱ्या अनोळखी माणसाला.

त्याआधी दोन वर्षं आम्ही नोंदणीवाचून काम केलं होतं. सगळी कामं ओळखीतली किंवा ओळखीच्यांच्या ओळखीतली. काही बिनसलं तर फोन करून बोलता यायचं. मग एका मोठ्या संस्थेला आमचा नमुना आवडला. सगळं ठरलं, आणि शेवटच्या टप्प्यावर त्यांच्या हिशेब विभागाकडून दोन ओळींचं पत्र आलं: आपला नोंदणी क्रमांक कळवावा. आमच्याकडे क्रमांक नव्हता. काम गेलं. मला तेव्हा फार लागलं होतं. आमचं काम त्यांच्यासमोर होतं, प्रत्येक वाक्य तपासून घ्या म्हणावं, मग हा आकडा कशाला? आज मी त्या पत्राकडे वेगळ्या नजरेने पाहते. पत्र लिहिणाऱ्याने मला कधी पाहिलं नव्हतं. उद्या मी अर्धवट काम टाकून गेले तर तो कुणाला शोधणार होता? त्याचा प्रश्न एवढाच होता की तुम्ही कोण.

हा प्रश्न लहानांनाच विचारला जातो असंही नाही. 2008 च्या सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली मोठी बँक कोसळली तेव्हा जगातल्या बड्या बँकांना आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्यांना काही काळ हेच उलगडत नव्हतं, की आपलं देणंघेणं नेमकं तिच्या कोणत्या उपकंपनीशी आहे. एकाच नावाची अनेक रूपं, प्रत्येक देशात वेगळी नोंद. त्या गोंधळातून पुढे आर्थिक व्यवहार करणाऱ्या प्रत्येक संस्थेला वीस अक्षर-अंकांची एक जागतिक ओळख देण्याची पद्धत उभी राहिली. बलाढ्य बँकांनाही शेवटी एक क्रमांक घ्यावा लागला, हे वाचलं तेव्हा त्या हिशेब विभागावरचा माझा उरलासुरला राग निघून गेला.

नावाचं आमचं लवकर उरकलं. मनातली पहिली दोन आधीच कुणी घेतली होती, तिसरं मिळालं. मराठीत ‘नाव ठेवणं’ म्हणजे नामकरण आणि ‘नावं ठेवणं’ म्हणजे दोष काढणं. मला हे दोन्ही अर्थ एकमेकांना धरून वाटतात. ज्याला नाव नाही त्याला नावं तरी कशी ठेवणार?

परवानगी आणि नोंद यांतला जो फरक त्या कारकुनांनी सहज सांगितला, तो समजायला माणसांना काही शतकं लागली आहेत. कंपनी काढायची तर पूर्वी राजाची सनद लागे, नाहीतर संसदेने खास तुमच्यासाठी कायदा करावा लागे. सतराव्या-अठराव्या शतकातल्या मोठ्या व्यापारी कंपन्या अशाच जन्मल्या. ज्याची दरबारात ओळख त्याची कंपनी, बाकीच्यांनी जे काही असेल ते स्वतःच्या अंगावर घेऊन करावं. न्यूयॉर्क राज्याने 1811 मध्ये उत्पादन करणाऱ्या उद्योगांपुरता एक सर्वसाधारण कायदा केला: अटी पूर्ण करा, कागद दाखल करा, कंपनी तुमची. ब्रिटनमध्ये हे 1844 मध्ये झालं. तेव्हा व्यापारखातं सांभाळणाऱ्या ग्लॅडस्टनच्या पुढाकाराने झालेल्या त्या कायद्याने कंपन्यांचा निबंधक नेमला आणि एक नोंदवही उघडली. ती नोंदवही कुणालाही पाहता येणार होती. मला या साऱ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. सनद मिळायची ती राजाच्या मर्जीने, नोंद मात्र अटी पाळणाऱ्या कुणाचीही होऊ शकत होती, आणि ती वाचण्याचा हक्कही कुणालाही होता.

त्यानंतर अकरा वर्षांनी, 1855 मध्ये, मर्यादित जबाबदारी आली. म्हणजे कंपनी बुडाली तर भागधारकाने जेवढं भांडवल घालायचं कबूल केलं तेवढंच जाणार, त्याचं राहतं घर जाणार नाही. इथे मी बराच काळ अडखळत होते. माझ्या डोक्यात कारकुनांचं वाक्य पक्कं बसलेलं, बरंवाईट अंगावर घ्यायचं. आणि कायदा तर म्हणत होता, वाईट एका मर्यादेपर्यंतच घ्या.

या अडचणीवर मला एका चांभाराच्या खटल्याने वाट दाखवली. ऍरन सॉलोमन हा लंडनच्या व्हाइटचॅपल भागात चामड्याचे बूट करणारा. धंदा अनेक वर्षांचा, चांगला चाललेला. 1892 मध्ये त्याने तो नव्याने नोंदवलेल्या कंपनीला विकला. तेव्हाच्या कायद्याने कंपनीला किमान सात सभासद हवेत. सॉलोमनने बायको, मुलगी आणि चार मुलगे यांना एकेक भाग दिला. स्वतःकडे ठेवले 20,001. कंपनीकडून येणं असलेल्या रकमेपोटी त्याने स्वतःच्या नावे तारण कर्जरोखेही घेतले, म्हणजे कंपनी बुडाली तर तिच्या मालमत्तेतून आधी त्याचे पैसे फिटणार. वर्षभरातच दिवस फिरले आणि कंपनी बुडाली. बाकीच्या देणेकऱ्यांच्या, म्हणजे ज्यांचे पैसे कंपनीकडून येणं होते त्यांच्या, हाती काही लागेना. त्यांच्या बाजूने असं मांडलं गेलं की ही कंपनी म्हणजे सॉलोमनच, दुसरं तिथे कोण आहे? खालच्या दोन्ही न्यायालयांना ते पटलं. 1896 च्या नोव्हेंबरमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, मात्र एकमुखाने उलट निकाल दिला. कायद्याने सांगितलेलं सगळं सॉलोमनने केलं होतं. रीतसर नोंद झाली त्या क्षणी कंपनी ही त्याच्याहून वेगळी व्यक्ती झाली, तिचं कर्ज तिचं, त्याचं नव्हे.

हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा मला देणेकऱ्यांची दया आली, आजही येते. पण त्यांतल्या एका न्यायाधीशांनी आणखी एक मुद्दा मांडला होता, तो मी दोनतीनदा वाचला. देणेकरी नोंदवही पाहण्याच्या भानगडीत पडत नाहीत हे त्यांना मान्य होतं. मात्र कंपनीने कायद्याने सांगितलेली माहिती उघड ठेवली असेल, तर देणेकऱ्याने ती पाहिली नाही म्हणून कंपनीवर लबाडीचा ठपका ठेवता येणार नाही. तेव्हा कुठे मला तो व्यवहार कळला. समाज तुमचं घर वाचवतो, त्या बदल्यात तुम्ही धंद्याचं दार काचेचं ठेवायचं. मालक कोण, कारभार कुणाच्या हाती, तारण कुणाकडे, हे सगळं बाहेरच्याला दिसलं पाहिजे. बरंवाईट अंगावर घेण्याचा हाही एक प्रकार आहे. आम्ही दोघींनी मात्र साधी भागीदारीच नोंदवली, जिथे तशी काही ढाल नसते. आमच्या कामात बुडण्यासारखं फार नव्हतं.

पत्त्याच्या रकान्याने आम्हाला खरा त्रास दिला. काम चालायचं माझ्या भाड्याच्या घरातल्या टेबलावर. त्या पत्त्यावर व्यवसाय नोंदवायचा तर घरमालकांचं संमतिपत्र हवं. ते मिळालं तर त्यावर त्यांची सही त्यांच्या कागदपत्रांतल्या सहीशी जुळेना. अर्ज त्रुटीत पडला. पुन्हा पत्र, पुन्हा सही, मग पत्त्यात मजला लिहायचा राहिला म्हणून परत. एकूण चार खेपा झाल्या, आणि आम्ही दोघी शिकलेल्या, दिवसाचं काम पुढे ढकलू शकणाऱ्या. माझ्या पुढे रांगेत एक बाई असायच्या, शिवणकाम करणाऱ्या. त्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन दर वेळी माझ्याआधी पोचलेल्या असत आणि दर वेळी एका नव्या कागदासाठी परत जात. तिसऱ्या खेपेनंतर त्या दिसल्या नाहीत. त्यांचं काम पूर्ण झालं असेल असं मी स्वतःला सांगत राहिले. विचारायला हवं होतं. तेवढं माझ्या हातून झालं नाही, याची रुखरुख अजून आहे.

त्या बाई मला आठवतात ते पेरूमधल्या एका प्रयोगामुळेही. 1983 मध्ये अर्थतज्ज्ञ हर्नांडो डी सोटो यांच्या संस्थेने लिमा शहराच्या कडेला कपडे शिवायचा एक छोटा कारखाना प्रत्यक्ष उभा केला आणि तो सगळे नियम पाळून नोंदवायला घेतला. काही माणसं दिवसाला सहा तास याच कामाला लावली. या खिडकीवरून त्या खिडकीवर, या खात्यातून त्या खात्यात. दहा वेळा लाच मागितली गेली. त्यांनी टाळता येईल तेवढं टाळलं, पण दोनदा दिल्याशिवाय काम पुढे सरकेना. शेवटी कागद हाती आला तो 289 दिवसांनी. एकूण खर्च तिथल्या किमान मासिक वेतनाच्या एकतीसपट झाला होता. त्या शहरात हजारो माणसं नोंदणीवाचून धंदा करत होती, आणि ती चुकार आहेत असं मानण्याची रीत होती. 289 दिवस बिनापगारी रांगेत उभं राहणं कुणाला परवडेल, हा प्रश्न त्या प्रयोगाने उघड विचारला.

पुढे जगभर नोंदणी सोपी करण्याची लाटच आली. जागतिक बँक देशोदेशीचे दिवस आणि टप्पे मोजू लागली. न्यूझीलंडमध्ये एकाच टप्प्यात, अर्ध्या दिवसात कंपनी नोंदवता येते हे त्या मोजणीत वर्षानुवर्षं पहिल्या ओळीत असे. 2021 मध्ये आकडेवारीतल्या गैरप्रकारांमुळे बँकेला ती अहवालमालिकाच थांबवावी लागली, पण तोवर अनेक सरकारांनी खिडक्या कमी केल्या होत्या, कागद संगणकावर आणले होते. याचं श्रेय मी मनापासून देते.

तरी एक गोष्ट मला या सगळ्यात सतत अस्वस्थ करते. श्रीलंकेत काही संशोधकांनी छोट्या व्यावसायिकांना नोंदणीची सगळी माहिती दिली आणि लागणारं शुल्कही भरून द्यायची तयारी दाखवली. तेवढ्याने नोंदणी वाढली नाही. अर्ध्या ते एका महिन्याच्या नफ्याएवढी रक्कम देऊ केली तेव्हा साधारण पाचातला एक जण नोंदवायला तयार झाला, दोन महिन्यांच्या नफ्याएवढी दिली तेव्हा निम्मे. जे तरीही आले नाहीत त्यांची मुख्य अडचण काय होती? जागेची कागदपत्रं. ज्या जमिनीवर धंदा चालतो तिची मालकी दाखवता येत नव्हती. हे वाचताना माझ्यासमोर घरमालकांची ती न जुळणारी सही आली. शुल्क माफ करणं सोपं असतं. ज्याच्या पायाखालची जागाच कागदावर त्याची नाही, त्याला पत्त्याचा रकाना काय म्हणून विचारायचा, याचं उत्तर शुल्कमाफीत नाही. तिथे नियम बदलायला हवा: माणूस कुठे सापडेल एवढं विचारावं, जमीन कुणाची हे विचारू नये.

आणि ज्यांना पत्ता सहज मिळतो त्यांचं काय? कॅरिबियन समुद्रातल्या केमन बेटांवर अग्लंड हाउस नावाची एक पाचमजली इमारत आहे. अमेरिकी संसदेसाठी लेखापरीक्षण करणाऱ्या कार्यालयाने 2008 मध्ये मोजलं तेव्हा त्या एका पत्त्यावर 18,857 संस्था नोंदलेल्या होत्या. त्यांतल्या कित्येकांचं तिथे एक टेबलही नव्हतं. हे कायद्यात बसतं. पण ज्या रकान्याने त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंना तीनदा परत पाठवलं, तोच रकाना जवळ वकील असलेल्याला क्षणात भरून मिळतो, हे मला सहन होत नाही. पत्ता विचारण्यामागचा हेतू शोधता यावं हा होता. शोध घेत कुणी त्या इमारतीपाशी पोचला, तर त्याच्या हाती काय लागणार?

सोपेपणा आणि खरेपणा यांची इथे गल्लत होते असं मला वाटतं. ब्रिटनच्या त्याच नोंदवहीत, जिची मी एवढी महती सांगितली, पुढे अशी वेळ आली की ऑनलाइन अर्जात लिहिलेलं नाव कुणी तपासतच नव्हतं. खोटी नावं, दुसऱ्याच माणसांचे पत्ते त्यात शिरले. आपल्या घराच्या पत्त्यावर कुणीतरी कंपनी काढली आहे हे लोकांना टपालातून कळायचं. 2023 मध्ये नवा कायदा करावा लागला, आणि 2024 च्या मार्चपासून निबंधकांना संशयास्पद माहितीबद्दल जाब विचारण्याचा आणि ती नाकारण्याचा अधिकार मिळाला. त्याआधी त्यांचं काम आलेलं नोंदवून घेणं एवढंच होतं. जवळजवळ एकशे ऐंशी वर्षांनी नोंदवहीला प्रश्न विचारता येऊ लागला. मला यात कुठेही सोपेपणाला विरोध दिसत नाही. माणूस खरा आहे का, हे एकदा नीट तपासा, आणि त्यानंतर त्याला मजल्याच्या आकड्यासाठी परत पाठवू नका.

आमचा क्रमांक आला तो दिवस मला लख्ख आठवतो. कागदावर विशेष काही नव्हतं. नाव, पत्ता, दोघींची नावं, आणि ती तारीख. मैत्रीण बराच वेळ कागद हातात धरून होती. मग म्हणाली, “आता आपल्याला भांडता येणार नाही गं.” मी म्हटलं, भांडता येईल, फक्त निघून जाता येणार नाही. त्यानंतर आम्ही भागीदारीचा करार पुन्हा वाचायला घेतला, जो अर्जाला जोडायचा म्हणून घाईने केला होता. कुणी किती तास द्यायचे, नफा कसा वाटायचा, एकीला सोडायचं असेल तर काय. दहा वर्षांची मैत्री असून यातलं एकही वाक्य आम्ही कधी मोठ्याने बोललो नव्हतो. अर्जाने विचारलं म्हणून बोललो. व्यवसाय सुरू करणाऱ्या प्रत्येकाला मी आता सांगते, अर्ज दुसऱ्याकडून भरून घेतलात तरी चालेल, पण त्याचा प्रत्येक प्रश्न भागीदारासमोर बसून एकदा मोठ्याने वाचा.

नऊ वर्षांनी तिने सोडलं. तिच्या आईला तिची गरज होती आणि दोन्हीकडे पुरं पडणं तिला जमेना. आमच्यात वाद नव्हता. भागीदार कमी झाल्याची सूचना द्यायची तर वेगळा अर्ज असतो, त्यात पुन्हा तारखेचा रकाना: ‘भागीदारी संपुष्टात आल्याची तारीख’. मी सहज म्हटलं, आजचीच लिहू. तिने नकारार्थी मान हलवली. तेव्हा तिच्या हातात एका जाडजूड अहवालाचं काम होतं, अर्ध्यावर आलेलं. ते काम मी करू शकले असते, तिनेही ते जाणलं होतं. तिने दिनदर्शिका काढली, उरलेली पानं मोजली, त्यात तपासणीचे दिवस मिळवले आणि सात आठवडे पुढची तारीख सांगितली.

अहवाल पोचला त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही कार्यालयात गेलो. माझी एकटीची सही चालली असती, तरी ती आली. खिडकीमागे आता एक तरुण मुलगी होती. तिने तारीख टाइप केली, आमच्याकडे न पाहताच पोचपावती सरकवली आणि पुढच्याला हाक मारली. बाहेर पायऱ्यांवर मैत्रिणीने माझ्या मोबाइलवर नोंदवही उघडून आमचं नाव शोधलं. बदल अजून चढला नव्हता. दोघींची नावं तशीच एकाखाली एक होती, आणि ती तिथेच उभी राहून ती वाचत होती.